सोनं फेसावर तरंगतं म्हणे! (घरात वाद पेटलाय, पंच हवेत)

खानापूरकर
मंडळी, आमच्या घरात चार दिवस एकच वाद चाललाय आणि बाहेरचा पंच आल्याशिवाय तो मिटेल असं वाटत नाही.

आम्ही खानापूर तालुक्यातले, जिल्हा सांगली. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात परमुलखात असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्या आण्णांनी (माझे वडील, वय ८२) कोइमतूरला ४२ वर्षं गलाईचं दुकान चालवलं. जुने दागिने मुशीत आटवायचे, तेजाबात उकळायचे, चोख सोनं काढून द्यायचं. दुकानाच्या केरातनं आणि भट्टीच्या राखेतनं सुद्धा त्यांनी सोनं काढलंय. त्यामुळे सोन्याच्या विषयात घरात त्यांचा शब्द शेवटचा.

माझा पुतण्या केमिकल इंजिनियर झाला आणि गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियात कॅलगूर्लीला सोन्याच्या कारखान्यात लागला. परवा व्हिडिओ कॉलवर आण्णांनी त्याला विचारलं, "बाळा, तू तिथं करतोस तरी काय?" तो म्हणाला, "आजोबा, दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात थोडं औषध टाकायचं आणि खालनं हवा सोडायची. फेस येतो. फेसाबरोबर सोनं वर येतं, ते आम्ही काढून घेतो."

आण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पोरगं प्यायला लागलंय."

त्यांचं म्हणणं असं. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. झारेकरी माती धुतो तेव्हा माती वाहून जाते आणि सोनं तळाला बसतं, हा सोन्याचा धर्म. रिठ्याच्या पाण्यात दागिना घोळवला की फेसाबरोबर मळ निघतो, दागिना काय फेसावर बसून वर येत नाही. पुतण्या म्हणतो, मी रोज डोळ्यांनी बघतोय.

खरं कोण?

आगाऊ_आंबा
पुतण्या. आमच्या हिने सोन्याचं नाव काढलं की माझ्या तोंडाला फेस येतो. संबंध सिद्ध झाला, धागा बंद करा.

लोणकढी
यात एवढं अवघड काय आहे? ताक घुसळलं की लोणी वर येतं. दळलेला दगड घुसळला की सोनं वर येतं. आपल्या आज्यांना हे शास्त्र कधीचंच माहीत होतं.

शंकासूर
@लोणकढी, लोणी पाण्यापेक्षा हलकं असतं हो. ते घुसळलं नाही तरी साय होऊन वर येतंच. सोन्याची साय आलेली पाहिली आहे का कुठे? मी आण्णांच्या बाजूने.

धातुकाम
निवृत्त मास्तर आहे, मुलांना हा विषय बरीच वर्षं शिकवला, तेव्हा थोडं लांबेल.

शंकासूर यांनी लोण्याचा दाखला खोडला ते बरं झालं. आण्णांचं एकोणीसपटही बरोबर आहे (१९.३). पण फेसाच्या या रीतीत, म्हणजे फ्रॉथ फ्लोटेशनमध्ये, तरंगतो तो हवेचा बुडबुडा. सोनं फक्त त्याच्या पाठीवर बसून येतं. तेव्हा सोनं हलकं आहे का, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. बुडबुड्याला ते चिकटतं का आणि चिकटलेलं टिकतं का, एवढंच बघायचं.

अळूच्या पानावर पाणी ओता. पान भिजत नाही, थेंब मोत्यासारखा घरंगळतो. त्याच पाण्याने पाटा लगेच भिजतो. खनिजांचंही तसंच आहे. गारगोटी पाट्यासारखी, पाण्याला धरून बसते. आता त्या कालवलेल्या दगडात झँथेट नावाचं औषध टाका, टनाला दहा-वीस ते शंभरेक ग्रॅम पुरतं. झँथेटच्या रेणूचं एक टोक गंधकाचं असतं, ते सोन्याला आणि पायराइटसारख्या गंधकवाल्या खनिजांना धरतं. दुसरं टोक तेलकट, त्याला पाणी नको असतं. थोडक्यात, ज्या कणांवर झँथेट बसतं त्यांची अळूची पानं होतात आणि बाकीचे पाटेच राहतात. खालून बुडबुडे सोडले की पाण्याला कंटाळलेले कण बुडबुड्याला बिलगतात आणि वर जातात. वर फेस टिकावा म्हणून वेगळं औषध असतं, पूर्वी पाइनचं तेल वापरत. हा फेस काठावरून पन्हळीत पडतो.

आता वजनाचा हिशेब, आण्णांसाठी. एक मिलीमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात साधारण अर्धा मिलिग्रॅम वजन उचलू शकतो. सोन्याचा ०.०५ मिलीमीटरचा गोल कण पाण्यात भरतो जेमतेम ०.००१२ मिलिग्रॅम. असे चारशे कण एका बुडबुड्याच्या ताकदीत बसतात. कण अर्ध्या मिलीमीटरचा केला तर त्याचं वजन हजारपट होतं, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. तो एकट्या बुडबुड्याच्या आवाक्याबाहेर गेला. प्रत्यक्षात टाकीत पंखा एवढा ढवळत असतो की ०.२ मिलीमीटरचा कणसुद्धा झटक्यात सुटून पडतो.

म्हणून दागिना फेसावर येणार नाही. सोन्याचं पीठ येईल.

आगाऊ_आंबा
एकोणीसपट जड असून दुसऱ्याच्या पाठीवर बसून वर जायचं! आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आठवले.

हिंगण्याहून
धातुकाम सरांनी पाया छान घातला. त्या झँथेटला धंद्यात 'कलेक्टर' म्हणतात, हे मुद्दाम सांगतो, कारण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझी याच शब्दावरून फजिती झाली होती. फोनवर साहेब म्हणाले, "कलेक्टर संपलाय, प्लांट बंद पडेल, ताबडतोब कलेक्टरची सोय करा." मी शहाणा थेट प्रशासन विभागात जाऊन विचारलं, जिल्हाधिकारी कशासाठी येणार आहेत?

आगाऊ_आंबा
म्हणजे कलेक्टर आला की सोनं आपोआप वर येतं. यात रसायनशास्त्र कुठे आहे?

चावडीप्रमुख
आगाऊ, विषयावर राहा. (हसलो मीही.)

हिंगण्याहून
मुद्द्यावर येतो. पुतण्या "सोनं वर येतं" म्हणाला ते बोलायला ठीक, पण अर्धंच. बहुतेक अशा कारखान्यांत जे फेसावर येतं ते दिसायला सोनं नसतंच. येतो तो पायराइट किंवा आर्सेनोपायराइट (त्याचाच आर्सेनिकवाला भाऊ), राखाडी-काळसर चिखलासारखा. सोनं त्याच्या पोटात असतं, कधी इतकं बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. पायराइट म्हणजे तोच, जो पिवळा चमकतो आणि ज्याला लोक सोनं समजून फसतात. पायराइटला पकडा, सोनं त्याच्याबरोबर येतं.

आकड्यात मांडतो (उदाहरणादाखल). १०० टन दगड, टनाला ३ ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण ३०० ग्रॅम. फेसावर ६ टन माल आला आणि त्यात ९० टक्के सोनं आलं, तर २७० ग्रॅम ६ टनांत. टनाला ४५ ग्रॅम झाले. शुद्ध सोन्यापासून अजून लाख कोस दूर, पण पुढची महागडी प्रक्रिया आता १०० टनांवर करायची नाही, ६ टनांवर करायची. नफा आहे तो इथेच.

आण्णांना हेही सांगा की मोठे दाणे फेसावर येत नाहीत म्हणून कोणी सोडून देत नाही. दगड दळला जात असतानाच ते जडपणावर वेगळे काढतात. पूर्वी थरथरत्या टेबलांवर, आता गरगर फिरणाऱ्या यंत्रांत. ते यंत्र म्हणजे विजेवर चालणारा झारेकरीच.

खानापूरकर
धातुकाम सर, हिंगण्याहून, मनापासून आभार. आण्णांना सगळं वाचून दाखवलं. चारशे कणांचा हिशेब त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हंजे दाणा तळालाच बसतो. मी काय येगळं सांगत होतो?" सध्या ते स्वतःला विजयी समजतायत.

त्यांनी एक प्रश्न धाडलाय. पीठच करायचं असेल तर सरळ सायनाइडमध्ये का विरघळवत नाहीत? कोइमतूरला मुलामा चढवणारे सायनाइड वापरायचे, ते सोनं कसं खातं हे त्यांनी बघितलंय. मग हा फेसाचा आडवळणाचा रस्ता कशाला?

शंकासूर
हाच माझाही प्रश्न. १८८७ ला ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची रीत शोधली, तेव्हापासून जग त्यावरच चाललंय. कोलारला सायनाइडच्या मातीचे डोंगर अजून उभे आहेत. मग फेस ही नसती उठाठेव नाही का?

धातुकाम
कोलारला उठाठेवच ठरली असती. तिथल्या चँपियन रीफ खाणीचं सोनं बहुतांशी गारगोटीत मोकळं होतं. दळलं की सुटतं, सायनाइडला लगेच सापडतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीलाही सायनाइडचाच मार्ग आहे.

पण सायनाइड द्रावण आहे, ते सोन्याला शिवलं तरच विरघळवणार. सोनं पायराइटच्या दाण्यात कोंडलेलं असेल तर सायनाइड बाहेरून नुसतं धुऊन जातं. आण्णांच्या धंद्यातलं उदाहरण देतो. दागिन्यात सोनं जास्त आणि चांदी-तांबं कमी असेल तर ते तेजाबात टाकून काही उपयोग होत नाही. सोनं बाहेरून कवच धरतं आणि तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचत नाही. म्हणून गलाईवाला आधी चांदी मिसळतो, सोन्याच्या तिप्पट, आणि मग तेजाब घालतो. इथे उलटं आहे, कोंडून घेणारा पायराइट आणि कोंडलेलं सोनं. कवच फोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

कवच फोडायच्या रीती चार. भट्टीत भाजा. बंद भांड्यात दाबाखाली ऑक्सिजन देऊन शिजवा. जिवाणूंना खायला घाला. किंवा इतकं बारीक दळा की कवच उरूच नये. चारही महाग. म्हणून आधी फेसावर माल कमी करून घ्यायचा.

रानवाटा
जिवाणूंना खायला घाला?? हे कलेक्टरपेक्षा भारी निघालं.

धातुकाम
हो. लोखंड आणि गंधक यांच्यावर जगणारे जिवाणू असतात, आम्लाच्या पाण्यात आणि ४० अंशांच्या आसपासच्या उबेत सुखाने राहतात. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यूच्या खाणीवर १९८६ पासून ते कामाला आहेत. घानात ओबुआसीला १९९० च्या दशकात त्यांच्यासाठी फार मोठ्या टाक्या उभ्या राहिल्या. फेसावर आलेला माल टाकीत घालायचा, हवा द्यायची, थंड पाण्याने ऊब आवरायची. चार-पाच दिवसांत पायराइट कुरतडून सोनं उघडं पडतं. मग सायनाइड. म्हणजे शंकासूर, सायनाइड कुठेच गेलेलं नाही, ते फक्त रांगेत मागे उभं आहे.

हिंगण्याहून
त्या रांगेची एक गंमत सांगतो. सायनाइडची एक वेगळी खोडी अशी की पायराइटच्या अंगावर ते बसलं की झँथेट तिथे टिकत नाही आणि पायराइट फेसावर यायलाच नकार देतो. पाणी वाचवण्यासाठी सायनाइड विभागातलं पाणी परत फेसाच्या टाकीत आणलं, तर फेस पांढरा शुभ्र आणि पोकळ. दिसायला देखणा, आत शून्य.

पायराइट रुसला तर त्याला मोरचूद दाखवतात. होय, तोच द्राक्षबागेवर चुन्याबरोबर फवारतात तो. तांब्याचा थर बसला की झँथेटला धरायला जागा मिळते. चुना मात्र इथे जपून. तांब्याच्या खाणीत पायराइट नको असतो, म्हणून चुना टाकून पाणी अल्कली करतात आणि त्याला खाली दाबतात. त्याच चुन्याने मोकळं सोनंही थोडं दबतं. तांबं आणि सोनं दोन्ही असलेल्या दगडात चुना किती टाकायचा यावर भांडणं होतात, अगदी नवराबायकोसारखी.

फेसाचीही एक आठवण. नाव घेत नाही, पण एका कारखान्यात रात्रपाळीच्या माणसाने फेसाच्या औषधाचा नळ उघडा ठेवून चहा घेतला. तो परत आला तर टाक्या दिसतच नव्हत्या. फेस जिन्यावरून उतरत होता, कण्हत-कुंथत, एकेक पायरी. पहाटे साहेब आले तोवर सायकलस्टँडपर्यंत पोचला होता. आम्ही आठ तास पाण्याचे पाइप घेऊन फेस मारत होतो, आणि मारायला पाणी सोडलं की तो आणखी फुलायचा. आजही घरी वॉशिंग मशीनमधून फेस आला की माझ्या छातीत धस्स होतं.

मीठभाकर
सगळं रंजक आहे, पण इथे कौतुकाचा सूर फार लागलाय. "१०० टनांऐवजी ६ टन" हे ऐकून लोकांना वाटेल की फेस म्हणजे सायनाइडपेक्षा स्वच्छ, सोज्वळ काहीतरी. सायनाइडने काय होतं ते २००० साली रुमानियात बाया मारेला दिसलं. बांध फुटला आणि सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी सोमेश, तिसा या नद्या करत डॅन्यूबपर्यंत गेलं, मासे मरत गेले. मग हा फेस त्यावर उतारा आहे का? तसं असेल तर सांगा, मी गप्प बसतो.

उत्तरध्रुव
उतारा अजिबात नाही. मी कॅनडात एडमंटनला राहतो. तीन वर्षांपूर्वी ध्रुवीय प्रकाश बघायला यलोनाइफला गेलो होतो. गावाजवळच्या काही तळ्यांबद्दल सूचना आहे की पाणी पिऊ नये, पोहू नये, मासे धरू नयेत. इतकं निवळशंख पाणी आणि वर अशी ताकीद, म्हणून चौकशी केली. कारण निघालं जायंट नावाची जुनी सोन्याची खाण.

तिथलं सोनं आर्सेनोपायराइटमध्ये कोंडलेलं. १९४८ ला पहिली वीट ओतली. दगड दळायचा, फेसावर आर्सेनोपायराइट गोळा करायचा (इथवर सगळं वरच्या प्रतिसादांसारखं) आणि मग भट्टीत भाजायचा. भाजला की आर्सेनिकची वाफ, ती थंड होऊन पांढरी पूड. आपल्याकडे जुने लोक ज्याला सोमल म्हणतात, तोच. सुरुवातीची वर्षं तो सरळ धुराड्यातून हवेत. बर्फावर बसायचा आणि तिथले मूळ रहिवासी तोच बर्फ वितळवून पाणी करायचे. १९५१ ला त्यांच्या वस्तीतलं एक लहान मूल त्यात गेलं. पुढे पूड पकडायची यंत्रं बसली आणि पकडलेला सोमल खाणीच्याच रिकाम्या दालनांत भरत गेले. १९९९ पर्यंत भरत राहिले. साठला किती? २ लाख ३७ हजार टन.

खाणीने आयुष्यभरात दिलं सुमारे ७० लाख औंस सोनं, म्हणजे २२० टनांच्या आसपास. भागाकार करून बघा, एक किलो सोन्यामागे टनभर सोमल. तो पाण्यात विरघळतो, म्हणून आता त्या दालनांभोवतीची जमीन नळ्या घालून गोठवून ठेवायची असं ठरलंय. कधीपर्यंत, याला उत्तर नाही. खाण बंद, कंपनी बुडालेली, खर्च सरकारचा.

मीठभाकर
टनभर सोमल. आणि आपण तोळ्यावर घडणावळ किती यावर घासाघीस करतो.

शंकासूर
पण दोष फेसाचा की भट्टीचा? फेसाने फक्त गोळा केलं.

उत्तरध्रुव
गोळा केलं म्हणूनच भट्टी लावणं परवडलं ना. १०० टन दगड भाजायला कोणी धजावलं नसतं.

धातुकाम
दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फेस विष तयार करत नाही, एका जागी आणतो. एका जागी आलेलं विष सांभाळायला सोपं असतं, सांभाळलं तर. आज आर्सेनिक जास्त असलेल्या मालासाठी भट्टीऐवजी दाब किंवा जिवाणू निवडतात त्याचं मोठं कारण हेच. तिथे आर्सेनिक लोखंडाबरोबर बांधून घट्ट गाळ करता येतो, हवेत जात नाही.

रेवा_पर्थ
उशिरा आले. खानापूरकर, तुमचा पुतण्या जिथे आहे तिथे मी दोनदा जाऊन आले. पर्थपासून सहाशे किलोमीटर, रस्ता सरळसोट, डुलकी लागेल असा. गावाच्या काठाला सुपर पिट आहे, साडेतीन किलोमीटर लांब, खोली सहाशे मीटरच्या वर. काठावर उभं राहिलं की खालचे राक्षसी डंपर काडेपेटीएवढे दिसतात.

तिथेही सोनं पायराइटमध्ये आणि काही टेल्युराइडमध्ये (सोनं आणि टेल्युरियम यांचं खनिज). फेसावर गोळा केलेला माल १९८९ पासून गावाबाहेर गिजी नावाच्या ठिकाणी भाजायचे, धूर गावावर येऊ नये म्हणून मुद्दाम लांब आणि उंच चिमणी. ती भट्टी २०१५ ला बंद केली. आता भाजण्याऐवजी अति बारीक दळतात आणि मग सायनाइड.

गाईडने सांगितलेला किस्सा तर आण्णांना नक्की सांगा. सुरुवातीच्या काळात टेल्युराइड कोणी ओळखलंच नाही. सोन्यासारखं दिसत नाही म्हणून तो दगड टाकाऊ ठरवून रस्त्यांच्या खड्ड्यांत आणि पायवाटांवर घातला. १८९६ ला कळलं की त्यात सोनं आहे, तेव्हा लोकांनी कुदळी घेऊन गावातले रस्ते उकरले.

आगाऊ_आंबा
आमच्याकडेही दर पावसाळ्यात उकरतात. अजून काही सापडलं नाही, पण ठेकेदाराला सापडतंय असं दिसतं.

वहीतलं_पान
इतिहासाची भर घालतो. ही रीत सोन्यासाठी जन्मलीच नाही. ऑस्ट्रेलियातच ब्रोकन हिलला चांदी-शिसं काढून उरलेल्या मातीचे ढीग पडले होते, जस्ताने भरलेले, आणि जस्त काही केल्या सुटेना. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन माणसांनी, एकमेकांच्या जवळपास एकाच वेळी, ते फेसावर आणलं. एक खाण कंपनीचा व्यवस्थापक देलप्रा, दुसरा मेलबर्नचा पॉटर. हा पॉटर धंद्याने बिअर गाळणारा! आण्णांचं "पोरगं प्यायला लागलंय" अगदीच बिनबुडाचं नव्हतं.

त्याच्याही आधी, १८८६ ला, अमेरिकेत कॅरी एव्हर्सन या बाईंनी तेल आणि आम्ल वापरून खनिज वेगळं करायचं पेटंट घेतलं होतं. दंतकथा अशी की त्या शाळामास्तरीण होत्या आणि तेलकट पोती धुताना त्यांना हे सुचलं. प्रत्यक्षात त्या डॉक्टरांच्या पत्नी होत्या आणि पद्धतशीर प्रयोग करत होत्या. बाईला शोध लागला की तो धुणं धुतानाच लागायला हवा, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. हयातीत त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही. झँथेट आलं पार १९२५ च्या सुमारास, आणि मग खरी गाडी धावली.

आणखी मागे जायचं तर हिरोडोटस लिहितो की आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर मुली डांबर फासलेली पिसं तळ्यातल्या चिखलात घालून सोन्याची पूड काढतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ऐकीव गोष्ट, पण तेलकट पृष्ठभागाला सोनं चिकटतं हे कुणीतरी पाहिलं असणार.

निळाई
@वहीतलं_पान, धुण्याबद्दल +१.

अवांतर: झारेकऱ्यांवरून आठवलं. आमच्या लहानपणी नागपूरला सराफ्याच्या गल्लीत पहाटे सोनझारी बायका नालीतला गाळ घमेल्यात धुवत बसलेल्या असायच्या. आई म्हणायची, बघ, गटारात लक्ष्मी आहे. विदर्भात खरंच सोनं आहे का हो कुठे?

हिंगण्याहून
@निळाई, नागपूर-भंडाऱ्याकडे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा सापडल्या आहेत, खाण मात्र नाही. फेसाचे कारखाने बघायचे तर आपल्याकडून सगळ्यात जवळ मलाजखंड, गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात. पण ते तांब्याचं. फेसावर आलेलं सोनं भारतात येतं ते बहुतेक वेगळ्याच वाटेने. गुजरातेत दहेजचा तांब्याचा कारखाना परदेशातून तांब्याचा कॉन्सन्ट्रेट (फेसावर गोळा केलेला माल) आणतो, त्यात थोडं सोनंही असतं. तांबं विजेने शुद्ध करताना ते टाकीच्या तळाला गाळात बसतं आणि मग काढून घेतात.

शंकासूर
म्हणजे शेवटी तळालाच. आण्णा १, फेस ०.

गृहकृत्यदक्ष
प्रयोग करून बघितला. सोनं नव्हतं (असतं तर इथे टाइप करत बसलो असतो का). लोणारी कोळसा नव्हे, दगडी कोळसा घेतला, चंद्रपूरच्या मेव्हण्याकडचा. कुटून चाळला, बारीक वाळूत मिसळला. पाणी, रॉकेलचे दोन थेंब, शांपूचा एक थेंब. मिक्सरमध्ये अर्धा मिनिट. विश्वास ठेवा, काळा फेस वर आणि वाळू तळाला! चमच्याने फेस काढून वाळवला, जवळजवळ नुसता कोळसा.

मिक्सरच्या भांड्याबद्दल कृपया कोणी विचारू नये.

धातुकाम
शाब्बास! कोळसा मुळातच पाण्याला नाखूश असतो, रॉकेलने तो आणखी बिथरतो. कोळशाच्या पुडीतली राख कमी करायला हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरतात. शांपू जास्त पडला असता तर मात्र वाळूही वर आली असती.

निळाई
रिठा चालला असता का? आण्णांच्या रिठ्याचं उत्तर राहिलंच.

धातुकाम
रिठा फेस करतो, कारण त्यात सॅपोनिन असतं. पण सोन्याला तेलकट करायचं काम तो करत नाही, उलट अंगावरचं तेल काढून सोनं स्वच्छ करतो आणि स्वच्छ सोनं पाण्याने चांगलं भिजतं. तेव्हा रिठ्यात दागिना तळाला राहतो हे आण्णांचं निरीक्षण तंतोतंत खरं. आणखी एक. आण्णा म्हणतात फेसाबरोबर मळ निघतो. पुतण्याच्या टाकीतही निघतो तो एका अर्थी मळच, काळा आणि तेलकट. फक्त तिथे मळ ठेवायचा आणि दगड फेकायचा.

खानापूरकर
मंडळी, काल रविवारी परत कॉल झाला. मी धागा आधीच पुतण्याला पाठवला होता, त्यामुळे या वेळी तो नीट सांगायला लागला. पायराइट, मोरचूद, सगळं. झँथेटला सडक्या कोबीसारखा वास येतो म्हणाला, डबा उघडला की जेवण जात नाही. रस्ते उकरल्याचं ऐकून आण्णा खूश झाले. म्हणाले, "आमच्या दुकानाची फरशी पण मी जाताना उकरली होती, तीन तोळे निघालं." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईला पण नव्हतं. त्यावर वेगळा वाद सुरू झालाय.

मग त्यांनी त्याला एकच विचारलं. "फेस काढून घेतल्यावर जी माती उरती, तिच्यात किती ऱ्हातंय?"

पुतण्या जरा गप्प झाला. म्हणाला, "आजोबा, रोज सकाळी मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारतो." उरलेली माती पण ते सायनाइडमधनं काढतात, तरी थोडं जातंच. टनाला ग्रॅमाचा काही भाग. दिवसाला हजारो टन माती जाते.

आण्णांनी बोटं मोडत मनातल्या मनात हिशेब केला. मग म्हणाले, "तुझ्या मॅनेजरला इचार, क्यार इकतोय का."

आगाऊ_आंबा
आण्णांना धाग्याचे मालक करा.

रेवा_पर्थ
खानापूरकर, तीन तोळ्यांचं काय झालं ते कळवा!

गृहकृत्यदक्ष
मिक्सरचं भांडं नवीन आणलं. बायको हा धागा वाचते आहे असं आत्ता कळलं. रजा घेतो.